घोरीचे ताट आणि लोणच्याची बरणी

संग्रहालयात चिनी भांड्यांच्या दालनात शिरलेला माणूस आधी निळ्या-पांढऱ्या भांड्यांकडे जातो. तिथे नक्षी स्पष्ट असते, डोळ्यांना लगेच काहीतरी मिळते. शेजारच्या कपाटातले जाड, जड, शेवाळी हिरव्या रंगाचे ताट त्याला कोरे वाटते आणि तो पुढे सरकतो. पण त्याच ताटाकडे थोडे बाजूला होऊन, उजेड तिरपा पडेल असे पाहिले की हिरव्यातून एक फूल वर येते. मधोमध कमळ, भोवती वळत गेलेली वेल, काठाशी पाकळ्यांची ओळ. हे फूल रंगाने काढलेले नसते. ओल्या मातीत ते कोरलेले असते आणि वरून पातळ हिरवी झिलई चढलेली असते. कोरीव रेषेच्या खाचेत झिलई जास्त साचते, तिथे हिरवा गडद होतो. उंचवट्यावर ती पातळ राहते, तिथे हिरवा फिका होतो. एकाच रंगाच्या जाड-पातळ थरांनी उमटलेले हे फूल आहे.

या भांड्यांना जगभर ‘सेलाडन’ म्हणतात. आपल्याकडे, विशेषतः मोगल आणि दख्खनी दरबारांच्या परंपरेत, त्यांना ‘घोरी’ म्हणत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात घोरीची ताटे आहेत आणि ती पाहायला येणाऱ्यांना एक गोष्ट हमखास सांगितली जाते: या ताटात विष वाढले तर ताट तडकते किंवा रंग बदलते. गोष्टीकडे पुढे वळू. आधी प्रश्न मांडतो. ही भांडी शेकडो वर्षे पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती, घाट चढून दख्खनच्या राजधान्यांपर्यंत जात होती. तरी मराठी स्वयंपाकघरात चिनी मातीचे ताट रुळले नाही. आणि त्याच स्वयंपाकघराच्या फळीवर चिनी मातीची बरणी मात्र मानाने बसली. असे का?

मी भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या आसगावात राहतो. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा चौरास भाग. कोणताही समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. इथे बसून चिनी भांड्यांचे काय करता, असे लोक विचारतात. माझे उत्तर असे की बंदरावर माल उतरतो, पण तो कुठवर जातो आणि कुठे थांबतो हे बंदरावरून दिसत नाही. ते पाहायला जिथे तो पोचला नाही अशा ठिकाणी राहणे सोयीचे असते. शिवाय भंडारा हे पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे गाव. या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या पितळेत आहे.

हिरवा रंग येतो कुठून

सेलाडनचा हिरवा रंग लोखंडाचा आहे. झिलईत शेकडा एक ते तीन इतके अल्प लोह असते. भट्टीत हवा खेळती राहिली तर हे लोह प्राणवायू घेते आणि झिलई पिवळसर, तपकिरी होते. पण ऐन तापमानात, म्हणजे बाराशे अंशांच्या पुढे, भट्टीचा श्वास कोंडला, सरपण भरपूर आणि हवा कमी केली, तर आग प्राणवायू झिलईतूनच ओढून घेते. लोहाचे रूप बदलते आणि रंग हिरवा-निळसर होतो. भट्टी केव्हा कोंडायची, किती वेळ, आणि केव्हा मोकळी करायची, हे सारे कारागिराच्या डोळ्यावर. घटका चुकली की सगळा घाणा पिवळा.

आपल्या कुंभाराला यातले निम्मे ज्ञान फार पूर्वीपासून होते. त्याच्या उघड्या आव्यात भाजलेला माठ लाल होतो, कारण मातीतल्या लोहाला हवा मिळते. तोच आवा झाकून धूर कोंडला की मडके काळे निघते. विदर्भातल्या महापाषाणीय स्थळांवर, माहुरझरीला, टाकळघाट-खापा इथे, आत काळी आणि बाहेर लाल अशी खापरे मिळतात. तीही हवा देण्या-कोंडण्याच्याच खेळातून निघालेली. नागपूरजवळच्या नायकुंड इथे त्याच काळातली लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे लोखंड होते, माती होती, आग कोंडण्याची युक्ती होती. आपल्याकडे रुळली नाही ती उंच तापमानात दगडासारखी घट्ट होणारी मातीची घडण आणि तिच्यावर काचेसारखी वितळणारी राखेची-चुन्याची झिलई. चीनमध्ये या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि दोन हजार वर्षे घोटल्या गेल्या.

या कलेचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे झेजियांग प्रांतातले लोंगछुआन. डोंगरउतारावर सापासारख्या चढत गेलेल्या लांबलचक भट्ट्या, त्यांना चिनी लोक ‘ड्रॅगन भट्टी’ म्हणतात. एका भाजणीत हजारो नग. सोंग, युआन आणि मिंग या राजवटींत, म्हणजे साधारण दहाव्या ते सोळाव्या शतकापर्यंत, इथला माल जपानपासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला. किती गेला याची कल्पना एका बुडालेल्या जहाजाने येते. १३२३ साली चीनमधून जपानकडे निघालेले एक जहाज कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडाले. १९७० च्या दशकात कोळ्यांच्या जाळ्यात त्याची भांडी लागली. पुढे वर काढलेल्या मालात वीस हजारांहून अधिक चिनी भांडी होती आणि त्यांतला मोठा वाटा लोंगछुआनच्या सेलाडनचा होता. हे एका जहाजाचे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही सुमारे तेराशे सेलाडन भांडी आहेत. लोंगछुआनच्या पारंपरिक भाजणीला युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

‘सेलाडन’ हे नाव मात्र चिनी नाही. ओनोरे द्युर्फे याच्या सतराव्या शतकातल्या फ्रेंच कादंबरीत सेलादों नावाचा मेंढपाळ प्रियकर आहे. तो हिरव्या फिती लावतो, म्हणून तो हिरवा रंग त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि रंगावरून भांडी, असे सहसा सांगितले जाते.

कमळाचा परतीचा प्रवास

सेलाडनवर फुले अनेक. पिओनी हे चिनी वैभवाचे फूल. मोठ्या ताटांवर त्याची वेल फिरते. शेवंती असते, कधी नक्षीत तर कधी ताटाचा काठच शेवंतीच्या पाकळ्यांसारखा दुमडलेला. काही फुले कोरलेली, काही साच्यात ठसवलेली, काही वेगळी घडवून ओल्या मातीवर चिकटवलेली. पण सर्वांत जास्त भेटते ते कमळ. वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला खालून वर उमलत गेलेल्या पाकळ्यांची रांग ही तर दक्षिण सोंग काळातल्या लोंगछुआनची ओळखच.

कमळ चीनमध्ये आधीही उगवत होते. पण पाकळ्यांचे कडे करून त्यावर काहीतरी पवित्र ठेवायचे, ही रीत तिथे बौद्ध धर्माबरोबर रुजली. सहाव्या शतकात चीनमध्ये सेलाडनचे मोठे कलश घडले, त्यांच्या अंगावर वरपासून खालपर्यंत कमळाच्या पाकळ्यांचे थर आहेत. भारहूत आणि सांचीच्या कठड्यांवरची कमळपदके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही पाकळी अनोळखी वाटणार नाही. आमच्या पवनीला जगन्नाथ मंदिराच्या टेकडीवर १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा त्याच परंपरेतला स्तूप उजेडात आला. पवनीचा तो वैभवकाळ सेलाडन आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीचा. तरी नाते आहेच. बुद्धाच्या आसनाखालचे कमळ इथल्यासारख्या ठिकाणांहून उत्तरेकडे गेले, मध्य आशियातून चीनमध्ये पोचले, तिथल्या कुंभाराच्या सुरीखाली आले आणि हजारेक वर्षांनी हिरव्या ताटावर बसून समुद्रमार्गे परत आले. आमच्या तळ्यांत कमळ उगवतच होते. पण घोरीवरचे कमळ आपले आहे हे ओळखायला कुणी उभे नव्हते.

बंदरे आणि वाटा

पहिली चिनी भांडी आपल्या भागात उतरली ती उत्तर कोकणच्या बंदरांवर. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, इ.स. ९२६ चा ताम्रपट सापडला. त्यात संयान, म्हणजे आजचे संजाण, या मंडळाचा कारभार पाहणाऱ्या ‘मधुमती सुगतिप’ नावाच्या ताजिक अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. मधुमती म्हणजे मुहम्मद. राष्ट्रकूटांचा हा अरब अधिकारी नदीवर फुकट नाव चालवतो आणि अन्नछत्र उघडतो. तिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळते. त्याच संजाणमध्ये २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले, तेव्हा पश्चिम आशियातल्या झिलईदार भांड्यांबरोबर चिनी भांड्यांचेही तुकडे मिळाले. संजाण आता गुजरातेत, चिंचणी महाराष्ट्रात. दहाव्या शतकात तो एकच मुलूख होता.

दक्षिणेला चौल. अरबांचे ‘सैमूर’ ते हेच. इ.स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी इथे आला, तेव्हा ओमान, सिराफ, बसरा, बगदादहून आलेल्या मुसलमानांची आणि त्यांच्या इथेच जन्मलेल्या मुलाबाळांची मोठी वस्ती त्याने पाहिली. चौलला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी खोदकाम केले त्यातही चिनी तुकडे आहेत.

चौदाव्या शतकात इब्न बतूता मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनला जायला निघाला आणि वाटेत दौलताबाद, नंदुरबार असा मराठी मुलूख ओलांडून गेला. चीनमधली भांडी हिंदुस्थानात आणि पार त्याच्या मायदेशापर्यंत, मगरिबपर्यंत जातात, असे त्याने नोंदवले आहे. त्याच काळात वांग दायुआन या चिनी प्रवाशाने १३४९ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण समुद्रातल्या बंदरांवर काय काय विकते याच्या याद्या दिल्या. त्यांत लोंगछुआनच्या परिसरातली हिरवी भांडी पुनःपुन्हा येतात.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी १४७० च्या आसपास एक घोडा घेऊन चौलला उतरला, पाली आणि उमरी करत जुन्नरला पोचला आणि पावसाळाभर तिथे अडकला. पुढे बिदरला गेला. महमूद गावानच्या हाती बहमनी राज्याची सूत्रे होती तो हा काळ. निकितिन विद्वान नव्हता. बाजारात कानावर आले ते त्याने आपल्या वहीत टिपले. चीन-माचीनच्या बंदराविषयी तो लिहितो की तिथे ‘चिनी’ बनते आणि ती वजनावर, स्वस्त विकतात. हा शब्द त्याने रशियन वहीत जसाच्या तसा लिहिला आहे. तो चीनला कधी गेला नाही. म्हणजे ‘चिनी’ हे भांड्यांचे नाव आणि तिथे ती स्वस्त असल्याची वार्ता, दोन्ही त्याला प्रवासाच्या वाटेवर मिळाली. परतताना तो दाभोळला जहाजात चढला. चौल, जुन्नर, बिदर, दाभोळ: दख्खनचा माल याच वाटांनी वर चढत आणि खाली उतरत होता.

शब्द भांड्यापेक्षा लांब जातात

दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७ नंतर इथे कैदेत ठेवले आणि १६९९ मध्ये तो इथेच वारला. या महालाला ‘चिनी’ म्हणतात ते त्यावरच्या झिलईदार रंगीत फरशांमुळे. त्या फरशा चीनच्या नाहीत, त्यांचे तंत्र इराणी वळणाचे आहे. पण तोपर्यंत ‘चिनी’ हे देशाचे नाव राहिले नव्हते. जे चकाकते, ज्याच्यावर काचेसारखा लेप आहे, ते चिनी. आपण आज ‘चिनी माती’ म्हणतो तेव्हा चीन मनात नसतो. शब्दाचा हा प्रवास भांड्यांशिवाय झाला नसता. वस्तू मोजक्या घरांत शिरली, नाव सगळ्यांच्या तोंडी बसले.

‘बरणी’ची कथा आणखी बोलकी आहे. शब्द अरबीतल्या ‘बर्निय्या’वरून फारसीमार्गे आला. तोच शब्द पश्चिमेकडे स्पॅनिशमध्ये ‘आल्बोर्निया’ होऊन बसला. तिथे त्याचा अर्थ झिलईदार मोठा वाडगा. हिंदीतला ‘मर्तबान’ हा ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून आलेला. तिथून मोठमोठ्या झिलईदार रांजणांची निर्यात होई. इब्न बतूताला एका राणीने प्रवासासाठी चार मर्तबान भेट दिले होते. त्यांत काय होते? आले, मिरी, लिंबू आणि आंबा, मिठात मुरवलेले. लोणचे आणि चिनी बरणी यांची जोडी इतकी जुनी आहे. समुद्रावर महिनोन् महिने टिकायचे म्हणजे आंबट-खारट हवे, आणि आंबट-खारट धरून ठेवायला धातू चालत नाही, तांबे-पितळ कळकते. साधे मडके झिरपते. झिलईची बरणी यांपैकी काहीच करत नाही.

सोने निषिद्ध, माती निषिद्ध

आता मूळ प्रश्नाकडे. ही भांडी सुलतानांच्या दस्तरखानावर इतकी का रुळली? श्रीमंती आणि सौंदर्य ही कारणे आहेतच, पण एक कारण धर्मनियमात आहे. इस्लामी शास्त्रानुसार सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणे-पिणे निषिद्ध आहे. राजे हा नियम सर्रास मोडत, पण काही जण पाळतही. फिरोजशाह तुघलकाने आपल्या दरबारातून सोन्या-चांदीची ताटे आणि प्राणिमात्रांची चित्रे असलेल्या वस्तू हटवल्याचे स्वतःच नोंदवले आहे. १९६० च्या दशकात दिल्लीला फिरोजशाह कोटला परिसरात चौदाव्या शतकातल्या चिनी भांड्यांच्या फुटक्या तुकड्यांचा मोठा साठा मिळाला. त्यातून सुमारे सत्तर भांडी जुळवता आली. बहुतेक निळी-पांढरी, मोजकी सेलाडन. एलन स्मार्ट या अभ्यासिकेने त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भांड्यांवरच्या चित्रांमुळेच ती फोडून टाकली गेली असावीत, असा तर्क मांडला गेला आहे. ताटावर पक्षी असला तर अडचण. फूल असले तर नाही. फुलांच्या नक्षीचे सेलाडन मुसलमानी दरबारांना इतके सोयीचे का ठरले, याचा एक धागा इथे सापडतो. ते सोने नव्हते आणि त्यावर जीव नव्हता, तरी राजाला शोभेल इतके दुर्मीळ होते.

दुसरे कारण भीतीचे. राजाचे जेवण म्हणजे कटाची जागा. ‘आइन-ए-अकबरी’त अबुल फजलने अकबराच्या मुदपाकखान्याची व्यवस्था तपशिलाने दिली आहे: अन्न आधी चाखायचे कुणी, ताटांवर मोहोर कुणी लावायची. सोन्या-चांदीची भांडी लाल कापडात बांधायची, तांब्याची आणि चिनी भांडी पांढऱ्या कापडात. अशा जगात विष ओळखणारे ताट ही गोष्ट जन्मली नसती तरच नवल. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तिला आधार नाही. झिलई ही एक प्रकारची काच आहे. सोमल असो की आणखी काही, ती त्याला दाद देत नाही. तिचा गुण खरे तर उलट आहे: ती कशालाच काही होत नाही. पण घोरीचे ताट पुढ्यात आहे हे पाहून विष घालणाऱ्याचा हात कापला असेल, तर त्या ताटाने आपले काम केले म्हणायचे.

इकडे हिंदू घरातला नियम नेमका उलटा होता. सोने-चांदी शुद्ध, तांबे-पितळ-कासे शुद्ध होऊ शकणारे, माती मात्र एकदा उष्टी झाली की गेली. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात धातूची भांडी राखेने, आंबट पदार्थाने, पाण्याने शुद्ध होतात असे आहे. मातीचे भांडे शुद्ध करायचे तर पुन्हा भाजावे लागते. घरोघरी रोजची ताटे पुन्हा कोण भाजणार? म्हणून मातीचे भांडे आपल्याकडे पाण्याचे, दह्याचे, रांधण्याचे, संक्रांतीच्या सुगडाचे, दिवाळीच्या पणतीचे आणि शेवटी खांद्यावरून फोडायच्या मडक्याचे. वापरून टाकून देण्याचे. जेवायचे ताट धातूचे, नाहीतर केळीचे पान आणि पत्रावळ. झिलईचे भांडे पाणी शोषत नाही, ते धुतले की स्वच्छ होते, हा युक्तिवाद करता आला असता. पण शास्त्राने झिलई पाहिली नव्हती, आणि सोवळ्याने पाहायचे नाकारले. त्याच्या लेखी ती मातीच.

राजवाड्यांत ही रेघ पुसट होत असे. विजयनगरच्या अवशेषांत, हम्पीला, सरदारांच्या वस्तीतून चिनी तुकडे मिळाले आहेत. विजापूरला गोल घुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात आदिलशाही काळातली चिनी भांडी आहेत. पण राजवाडा म्हणजे समाज नव्हे. खाली, गावात, तांबट आणि कासार भांडी ठोकत राहिले. आमच्या भंडाऱ्याचे पितळ हे या नियमाचेच फळ. ज्या समाजात ताट चिंच आणि राख लावून रोज शुद्ध करता आले पाहिजे, तिथे पितळेची बाजारपेठ उभी राहते आणि चिनी ताटाची राहत नाही. सेलाडनचा नकाशा काढला तर तो व्यापारी वाटांचा निघेल असे मला सुरुवातीला वाटत होते. प्रत्यक्षात तो जेवणाच्या नियमांचा नकाशा आहे.

बरणी या नियमातून सुटली, कारण बरणीत कुणी जेवत नाही. ती उष्टी होत नाही. कोरड्या, स्वच्छ हाताने, लाकडी चमच्याने तिच्यातून लोणचे काढले जाते आणि फडके बांधून ती परत फळीवर जाते. म्हणजे चिनी मातीला आपण स्वयंपाकघरात घेतले, पण पंगतीला बसू दिले नाही.

कपाची कथा

पंगतीला ती बसली चहाबरोबर. विसाव्या शतकात कपबशी घरोघर आली आणि चारशे वर्षांत घोरीला जे जमले नाही ते चहाने काही दशकांत केले. ब्राह्मणाच्या घरातही मातीचा कप धुऊन पुन्हा ओठाला लागू लागला. उष्ट्याचा नियम इतक्या सहज वितळला, हे वरवर पाहता मोठे परिवर्तन वाटते.

पण नियम वितळला तो कुणासाठी, हेही पाहिले पाहिजे. गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर दलितांसाठी वेगळा कप असे. कान तुटलेला, बाहेर खुंटीला किंवा कौलात ठेवलेला, ज्याचा त्याने विसळून ठेवायचा. माती धुतल्याने शुद्ध होते हे मान्य झाल्यावरही माणसाचा स्पर्श धुतला जात नाही असे मानणारे लोक होते. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्या काळातल्या गावातला तो वेगळा कप आमच्या भागातल्या वृद्धांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. तो कुठल्या संग्रहालयात ठेवलेला मी पाहिला नाही. माझ्या मते घोरीच्या ताटाशेजारी त्याची जागा आहे. दोन्हींची गोष्ट एकच: भांडे काही ओळखत नाही, विषही नाही, विटाळही नाही. जे ओळखल्याचे आपण सांगतो ते आपल्या मनातले असते. राजाच्या मनातली भीती ताटावर चढली आणि गावाच्या मनातली घाण कपावर.

खापरी हातात आली तर

चौल, दाभोळ, जुन्या गोव्याच्या परिसरात आणि दख्खनच्या जुन्या राजधान्यांत वाडी खणताना, विहीर उपसताना, पाया काढताना खापऱ्या निघतात. बहुतेक लोक त्या बांधावर फेकतात. वाचकांपैकी कुणाचे घर त्या बाजूला असेल तर एवढे पाहावे. तुकडा जड आहे का? त्याची तुटलेली कड माठासारखी लाल, भुसभुशीत नसून राखाडी-पांढरी आणि दगडासारखी घट्ट आहे का? वरची झिलई हिरवी, थोडी तुपासारखी दाट आहे का? बुडाचा तुकडा असेल तर जिथे झिलई लागलेली नाही तिथे विटकरी-केशरी कडे दिसते का? भट्टी निवताना उघड्या मातीतल्या लोहाला शेवटी हवा मिळाली, त्याची ती खूण. असे असेल तर तो तुकडा लोंगछुआनचा असण्याची चांगली शक्यता आहे. जिथे मिळाला ती जागा आणि खोली लिहून ठेवावी, तुकडा घासू-पुसू नये आणि जवळच्या पुरातत्त्व कार्यालयाला किंवा डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेला कळवावे. जागेपासून तुटलेली खापरी मुकी होते.

आणि ज्यांच्याकडे समुद्र नाही, वाडी नाही, त्यांच्याकडे निदान आजीची बरणी आहे. प्लास्टिकचे डबे आल्यापासून या बरण्या माळ्यावर गेल्या, काही भंगारात गेल्या. त्यांतल्या बहुतेक गेल्या शंभर वर्षांतल्या देशी कारखान्यांच्या आहेत, चीनशी त्यांचा संबंध नावापुरता. तरी ती खाली काढून तिचा काठ, तिच्या झिलईचे ओघळ, तिच्या बुडाची उघडी माती पाहावी. आमच्याच बाजूला, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला, ग्रामोदय संघाने कुंभारांना झिलईचे काम शिकवले. म्हणजे जी विद्या आपल्याकडे रुळली नव्हती ती आता आपल्या हातात आहे. भंडारा जिल्ह्यात कायनाइट सापडते; भट्ट्यांच्या आगरोधक विटा त्यापासून होतात. लोह तर आमच्या मातीत पूर्वीपासूनच आहे. तळ्यात कमळ आहे. विदर्भातल्या एखाद्या कुंभाराने उद्या भट्टीचा श्वास कोंडून हिरवे ताट काढले, त्यात तिरप्या उजेडात दिसेल असे कमळ कोरले, तर ते चिनी म्हणायचे की देशी, हा वाद खुशाल घालावा. फक्त त्या ताटात कुणालाही वाढता यावे.